मेलेली दिसणारी बाइक आणि नटूनथटून बसलेला ट्रेलर

पत्र असं आलंय:

नमस्कार काका, मी मिशिगनमध्ये असतो, काम सगळं कॉम्प्युटरवर, सायकलची चेन चढवण्यापलीकडे हाताला कधी ग्रीस लागलेलं नाही. मागच्या गल्लीतले एक आजोबा गेले, त्यांच्या मुलीने घरातलं सामान विकायला काढलं, मी तिथे शिडी बघायला गेलो आणि १९६५ चा १६ फुटी शास्टा ट्रेलर (गाडीमागे जोडून न्यायचं फिरतं घर) आणि १९७२ ची होंडा सीबी ३५० घेऊन आलो. दोन्ही मिळून २,८०० डॉलर. ट्रेलर मस्त आहे, आतून पांढरा रंग दिलेला, नवे पडदे, फक्त मागच्या खिडकीखाली एक चहाच्या डागासारखा डाग आहे. बाइक मात्र भंगार. आठ वर्षं शेडमध्ये पडून होती, टाकीत गंज, एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं, किक खाली जातच नाही. माझा विचार असा की बाइक पूर्ण खोलून एकेक पार्ट चकाचक करून परत जोडायची, नाहीतर सरळ भंगारात द्यायची. ट्रेलरला पॉलिश मारायचं, वरून सिलिकॉन भरायचं, आणि ४ जुलैच्या सुट्टीत आमच्या टोयोटा सिएन्ना गाडीला जोडून दोन्ही पोरांना घेऊन लेकवर जायचं. बायको म्हणते दोन्हीतलं एकच ठेव, ड्राइव्हवेचं गॅरेज झालंय. कुठलं ठेवू? आणि माझ्यासारख्याला हे जमेल का?
– दोन चाकी, दोनदा

अरे दोन चाकी, (तू म्हणतोय, चालेल ना, पत्रावरून चाळिशीच्या आतबाहेरचा वाटतोस) सही वाचून आधी मनसोक्त हसलो, मग पत्र परत वाचलं आणि डोक्याला हात लावला. तू बघितलंयस सगळं बरोबर, डाग बघितलास, घरटं बघितलंस, पण निष्कर्ष काढलास नेमका उलटा. ती बाइक मेलेली दिसते पण बहुतेक जिवंत आहे आणि तो ट्रेलर नटूनथटून बसलाय पण आतून गेलेला असायची शक्यता दाट आहे. बाइक खोलायची नाहीये, ट्रेलर खोलायचाय. आणि सिलिकॉनची ट्यूब आणली असशील तर आजच दुकानात परत कर, पावती सापडत नसेल तर बाथरूमला वापर.

आधी कागद बघू, एका मिनिटाचं काम आहे. ट्रेलर आणि बाइक दोन्हीचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, मिळालं का? आजोबा गेलेत म्हणजे टायटल त्यांच्या नावावर असणार, मग त्यावर सही करायचा अधिकार मुलीला आहे का, वारसाचे कागद लागतील का, हे तुमच्याकडे सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात (मिशिगनमध्ये गाड्यांचे कागद तिथेच होतात) जाऊन विचार. बाइकच्या हँडलखालच्या नळीवर फ्रेम नंबर ठोकलेला असतो, तो टायटलवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळतो का बघ, आणि हे सगळं पहिला डॉलर खर्च करायच्या आधी. आत्ता मुलगी ओळखीची आहे, फोन उचलते, दोन वर्षांनी ती कुठे असेल देव जाणे.

आता बाइक. मी सांगलीचा, आमच्या घरी वडिलांची येझदी होती, किक आणि गिअरचा एकच दांडा असलेली, शेजारपाजारचे लोक ती चालू करायला गेले की गिअर पाडून बसायचे. वडील मेकॅनिक नव्हते, शाळेत मास्तर होते, पण त्यांचा एक नियम होता जो मी पुढे चाळीस वर्षं पाळलाय आणि दोनदाच मोडला आणि दोन्ही वेळा रडलो, तो म्हणजे खोलायच्या आधी चालू कर. कशीही, धूर काढत, फटफट करत, पण एकदा इंजिन स्वतःच्या दमावर फिरलं पाहिजे, मग ठरवायचं काय खोलायचं ते. कारण चालू झालेली गाडी तुला स्वतः सांगते तिचं काय दुखतंय, आणि खोलून डब्यात भरलेली गाडी काहीच सांगत नाही, नुसते डबे सांगतात की तू हौशी होतास. इथल्या जाहिराती चाळ, "नव्वद टक्के पार्ट आहेत, वेळ मिळत नाही म्हणून विकतोय" अशी चार खोक्यांतली बाइक तुला दर आठवड्याला दिसेल. त्या सगळ्यांनी तू म्हणतोस तेच केलं होतं, एकेक पार्ट चकाचक करायला घेतला होता.

तुझी ही सीबी ३५० म्हणजे भारतात आता जी हायनेस सीबी ३५० फिरते ती नव्हे बरं का, नाव सारखं एवढंच. ती एका सिलिंडरची, तुझी दोन सिलिंडरची, आणि तुझं इंजिन नावाला ३५०, मोजायला गेलं तर ३२५ सीसी. १९६८ पासून पाचसहा वर्षं ही बाइक अमेरिकेत अक्षरशः खंडीने विकली गेली, म्हणून तिचे पार्ट आजही मिळतात आणि तिच्यावर हात साफ करायला हरकत नाही. इथे पुण्याच्या नाना पेठेसारखा पार्टचा बाजार नाही हे खरं, पण घरबसल्या पार्सल येतं.

किक खाली जात नाही म्हणजे पिस्टन चिकटले असतील. त्यावर उडी मारू नकोस, पाय मोडेल नाहीतर किकचा शाफ्ट. दोन्ही प्लग काढ, प्रत्येक भोकातून ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं करून दोनदोन चमचे ओत (बाहेर उघड्यावर, आसपास हीटर, सिगारेट काही नको) आणि तीनचार दिवस विसरून जा. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाक, चौथा-पाचवा, आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे हलव, थोडंसं, जोर न लावता, पोराला झोपाळ्यावर झुलवतो तसं. हललं तर हललं, नाहीतर परत ओत, परत थांब. माझी एक अशीच अकराव्या दिवशी सुटली, तोपर्यंत बायकोने तिला कुंभकर्ण नाव ठेवलं होतं.

ते घरटं काढताना मात्र झाडू मारू नकोस आणि व्हॅक्यूम तर अजिबात नाही. उंदराच्या लेंडीमुतातून हंटाव्हायरस पसरतो, ते सुकं हवेत उडलं की छातीत जातं. हातमोजे, मास्क, ब्लीचचं पाणी फवारून पाचदहा मिनिटं भिजू दे आणि मग कागदाने उचल. ट्रेलरच्या सोफ्याखालीही तुला हेच सापडणारे, तिथेही हाच नियम.

आता एक गोष्ट जी मला कोणी सांगितली असती तर माझे पाचसहा स्क्रू वाचले असते. जपानी गाड्यांचे स्क्रू दिसतात आपल्या फुलीच्या स्क्रूसारखे पण ते फिलिप्स नसतात, जेआयएस म्हणतात त्याला, जपानी मापाचे, बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक टिंब असतं. त्यात साधा फिलिप्स घातला की तो वर सरकतो आणि डोकं गोल करून टाकतो, मग तो ड्रिल करून काढायची पाळी. जेआयएसचा स्क्रू ड्रायव्हर वेगळा मिळतो, मागव, सोबत हातोडीने ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मागव, दोन्ही मिळून पिझ्झा पार्टीएवढा खर्च नाही. इंजिनच्या बाजूच्या कव्हरचे स्क्रू पन्नास वर्षांत ॲल्युमिनियमला धरून बसलेत, आधी तेल, मग एक ठोका, मग वळव.

इंजिन मोकळं झालं की ऑइल बदल. या गाडीला हल्लीच्यासारखा बदलायचा ऑइल फिल्टर नाही, उजव्या बाजूला एका कव्हरमागे एक फिरणारी वाटी आहे, ती फिरता फिरता तेलातली घाण स्वतःच्या भिंतीला फेकते. ती कोणी साफ करत नाही. उघडशील तेव्हा आत काळा गाळ सापडेल, तळणीच्या कढईच्या बुडाला साचतो तसा, तो लाकडी काडीने खरवड. मग थंड इंजिनवर व्हॉल्व्हची फट, इनटेकला ०.०५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.१० मिमी, आणि पॉइंटची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या स्विचची, फट ०.३ ते ०.४ मिमी. फिलर गेजचा, म्हणजे फट मोजायच्या पट्ट्यांचा, जुडगा हातात घेशील तेव्हा ०.०५ ची पट्टी बघून हसू येईल, सिगारेटच्या चांदीएवढी पातळ. पट्टी खेचताना थोडी अडली पाहिजे, लोण्यातून सुरी जावी तशी गेली तर फट जास्त आणि जातच नसेल तर कमी. हे दोनदा करून बघ, पहिल्यांदा चुकतंच.

मग कार्बोरेटर, आणि इथे हौशी माणूस हमखास फसतो. आठ वर्षांत पेट्रोल सुकून त्याचा डिंक झालाय आणि तो पायलट जेटच्या (गाडी मंद चालताना पेट्रोल सोडणारी बारीक पितळी तोटी) भोकात बसलाय, ते भोक तुझ्या केसाहून फार मोठं नाही. एका वेळी एकच कार्ब उघड, दुसरा अख्खा ठेव म्हणजे कुठलं काय कुठे होतं ते बघायला नमुना राहतो. भोकात तार किंवा ड्रिल घालायचं नाही, क्लीनरमध्ये भिजव, हवा मार, उजेडाकडे धरून बघ. रबरी डायफ्रॅमही असाच उजेडासमोर ताणून बघ, टाचणीएवढं भोक असलं तरी ती बाजू नीट ओढणार नाही. आणि मूळची पितळी जेट आणि सुया फेकून स्वस्तातल्या किटमधल्या बसवू नकोस, मापं जुळत नाहीत आणि मग माणूस महिनाभर विचार करतो की सगळं नवं घातलं तरी गाडी का रडते. किटमधले रबर आणि पॅकिंग वापर, पितळ जुनंच साफ करून घाल.

टाकीला हात न लावता आधी गाडी चालू करून बघता येते. एक छोटी बाटली पेट्रोलची, नळी लावून, हँडलला सलाइनसारखी टांगायची आणि तिथून कार्बला पाजायचं. आमच्या गल्लीतले एक मिस्त्री हे करायचे आणि लोक गंमत बघायला जमायचे. नवी १२ व्होल्टची बॅटरी, नवे प्लग, आणि फ्यूजचा होल्डर घासून साफ, या गाडीला एकच १५ ॲम्पिअरचा काचेचा फ्यूज असतो आणि अर्ध्या "वायरिंग गेली" च्या तक्रारी तिथल्या हिरव्या गंजाच्या असतात. ती धडधडली की मग टाकी उतरव, दोन दिवस पांढरं व्हिनेगर भरून ठेव, मूठभर नटबोल्ट टाकून हलव, नट मोजून टाक आणि मोजून काढ, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवून ताबडतोब सुकव, नाहीतर संध्याकाळपर्यंत परत नारिंगी.

चालू झाली म्हणजे रस्त्यावर न्यायची नव्हे. टायर नक्षी कितीही ताजी दिसली तरी फेक, पुढचा ३.००-१८ आणि मागचा ३.५०-१८, नवे घे. ब्रेकचे ड्रम उघड, जुन्या शूचं अस्तर गोंदाने चिकटवलेलं असतं आणि ते वयाने सुटतं, सुटून ड्रममध्ये अडकलं तर चाक जागच्या जागी जाम. आणि लायसन्सवर मोटरसायकल चढवून घे, पुण्यात ॲक्टिव्हा चालवली हा अनुभव इथे धरत नाहीत, विकेंडचा कोर्स असतो, कर, मजा येते. रंग, क्रोम, सीटचं कव्हर हे सगळं पुढच्या वर्षी किंवा कधीच नाही. टाकीवर आजोबांच्या गुडघ्यांनी घासलेले डाग असतील तर ते मी तरी ठेवीन.

आता ट्रेलर, आणि इथे जरा बैस.

मी ओहायोत पहिला ट्रेलर घेतला तोही असाच होता. मागे दोन्ही बाजूंना ते ॲल्युमिनियमचे पंख, पांढराशुभ्र आतून, लाल ठिपक्यांचे पडदे, विकणाऱ्याने आत लॅव्हेंडरची फवारणी केलेली. मी घरी आणला, मागच्या खिडकीखालच्या प्लायवर सहज बोट टेकवलं आणि बोट आत गेलं. दुसऱ्या पेरापर्यंत. खारी बिस्किटात जातं तसं, आवाज पण तसाच. कोणीतरी कुजलेल्या भिंतीवरच नवा पातळ प्लाय ठोकून, रंग देऊन, पडदे लावून मला विकला होता, आणि मी त्या पडद्यांचे तीनशे डॉलर जास्त दिले होते. म्हणून पांढरा रंग आणि नवे पडदे वाचले की माझ्या पोटात गोळा येतो. आजोबांनी फसवायला केलं असेल असं म्हणत नाही, कदाचित आजीची हौस असेल, पण डाग रंगावरून बाहेर आलाय म्हणजे पाणी रंगानंतरही येतंय.

हे असं का होतं ते समजून घे म्हणजे सिलिकॉन का नको तेही कळेल. हे ट्रेलर, ज्यांना त्यांच्या आकारामुळे इथे हॅमचा डबा म्हणतात, ते बाहेरून पत्र्याचे दिसतात पण खरं म्हणजे लाकडाचे आहेत. इंचभर जाडीच्या पट्ट्यांचा सांगाडा, आतून पातळ प्लाय, मध्ये थोडं काचलोकर आणि बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा. जिथे बाजूचा पत्रा आणि छताचा पत्रा भेटतात त्या कडेवरून एक पट्टी स्क्रूने आवळलेली असते, तिच्याखाली लांबीसारखी एक मऊ टेप. त्या टेपचं तेल साठ वर्षांत उडून गेलं, ती आता सुकलेल्या कणकेसारखी तडकलीय, स्क्रू गंजलेत, आणि पाणी त्या भोकातून थेंबथेंब आत जातं. एकदा आत गेलं की बाहेर यायला वाट नाही, एका बाजूला पत्रा, दुसऱ्या बाजूला रंगवलेला प्लाय. कौलारू घर गळलं तर निदान खाली बादली ठेवता येते, हा गळतो आणि गिळून बसतो. डाग खिडकीखाली दिसतो म्हणून गळती खिडकीत असेलच असंही नाही, पाणी वरून कडेने उतरून मागच्या खालच्या कोपऱ्यात साचतं, आणि तिथेच लाकूड लोखंडी चासीला जोडलेलं असतं.

वरून सिलिकॉन भरलंस तर दोन पावसाळे थांबेल, तुमच्याकडे दोन हिवाळे म्हण, पण आतली ओल आत कोंडेल आणि पुढे जेव्हा तू शहाणा होशील तेव्हा त्या सिलिकॉनच्या थरावर दुसरं काहीच चिकटणार नाही, घासून घासून हात दुखतील. बरोबर काम म्हणजे ती कडेची पट्टी काढायची, जुनी टेप प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायची, पत्रा पुसायचा आणि नवी ब्युटाइल टेप लावून नवीन स्क्रूने परत बसवायची, आणि जी टेप बाहेर पिळून येते ती दोन उन्हानंतर कापायची. राखाडी, चिकट, च्युइंगगमच्या आजोबासारखी असते ती, केसाला लागली की केस कापावे लागतात, विचारू नकोस मला कसं माहीत.

पण त्याआधी किती कुजलंय ते मोज. तीसेक डॉलरला ओल मोजायचा मीटर मिळतो, दोन टाचण्यांचा, तो भिंतीवर दर फूटभर टोचत जा आणि आकडे पेन्सिलीने भिंतीवरच लिही. पंधरा टक्क्यांच्या खाली असेल तर कोरडं, वीसच्या वर गेलं की लाकडाला धोका. सगळे कोपरे, सगळ्या खिडक्यांखाली, दारापाशी, छताच्या हवेच्या झरोक्याभोवती. शेवटी तुला घराचा एक नकाशा मिळतो की पाणी कुठून कुठे गेलंय, आणि तो बघून बायकोशी बोलणं सोपं जातं, कारण "मला वाटतं ठीक आहे" आणि "मागचा डावा कोपरा अठ्ठावीस" यात फरक आहे.

आणि आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट. बोट आत गेल्यावर मी चिडलो आणि एका लाँग विकेंडला आतलं सगळं उपटलं, कपाटं, पलंग, भिंती, सगळं अंगणात. सोमवारी सकाळी बघतो तर ट्रेलर एका बाजूला कललेला, दार लागेना. मांडवाचा एक बांबू काढला की मांडव जसा झुकतो तसा. तेव्हा कळलं की या डब्यांमध्ये कपाटं ही नुसती कपाटं नसतात, तीच खांब असतात. कारखान्यात हे आतून बाहेर बांधलेत, आधी फरशी, मग कपाटं, मग भिंतीचा प्लाय, सांगाडा, आणि सगळ्यात शेवटी पत्रा. म्हणूनच तू कपाट काढायला जाशील तेव्हा त्याचे स्क्रू आतून सापडणारच नाहीत, ते बाहेरून मारलेत आणि त्यावर पत्रा चढलाय. तर आतून ठोकाठोकी नाही. बाहेरून, एका वेळी एकच बाजू किंवा एकच कोपरा. कडेची पट्टी, मग खिडकी, मग तेवढाच पत्रा सोडवायचा, कुजलेली पट्टी काढून तीच नव्या लाकडावर ठेवून पेन्सिलीने आकार घ्यायचा, कापायची, बसवायची, मग पुढची. कुजलेलं लाकूड फेकू नकोस, तोच तुझा नमुना आहे, भुगा झाला असेल तर निदान फोटो आणि मापं. पत्रा वाकवू नकोस, माणसं दोन घे, त्याला एकदा घडी पडली की ती आयुष्यभर दिसते.

खाली चासी बघ, मागचे दोन फूट विशेषतः, पाणी तिथे साचलेलं असतं आणि तुमच्या रस्त्यांवरचं मीठ वेगळं. हातोडीने ठोकून बघ, टण आवाज आला तर ठीक, थप्प आला तर वेल्डिंगवाल्याला दाखव, ते स्वतः करायचं काम नाही. बेअरिंग काढून धुवून नवं ग्रीस भर, हे तू करू शकतोस आणि तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंग दाबत बसायला एक वेगळीच शांतता आहे. टायरवर शेवटचे चार आकडे बघ, ३४०९ असेल तर २००९ सालचा चौतिसावा आठवडा, सहा वर्षांच्या वरचं काहीही असेल तर नक्षी न बघता बदल, ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने फुटतात आणि फुटताना चाकावरचा पत्राही फाडून नेतात.

तीन गोष्टींना मात्र हौस म्हणून हात लावायचा नाही. एक, जुना गॅसचा हीटर आणि फ्रिज, पेटवून "बघू" पण नकोस, झोपेत कार्बन मोनॉक्साइडने माणूस उठत नाही. नवा रेग्युलेटर, नवी नळी, साबणाच्या पाण्याने गळतीची तपासणी, आणि धुराचा, गॅसचा, कार्बन मोनॉक्साइडचा असे तिन्ही अलार्म, पोरं झोपणारेत आत. सिलिंडरची चावी गोल फुलासारखी असेल तर तो भरून मिळणार नाही, २००२ पासून तिकोनी मुठीचा, जास्त भरला जाऊ न देणाराच व्हॉल्व्ह लागतो. दोन, वीज. त्या काळच्या ट्रेलरमध्ये अर्थिंग बहुतेक नसतंच, दोनच भोकांचे सॉकेट, आणि बाहेरून सगळा पत्रा. कुठेतरी वायर घासली की अख्खा डबा करंट मारतो, त्यात ओल्या गवतावर अनवाणी पोरगं दाराला हात लावतं. इलेक्ट्रिशियन बोलव, पैसे दे. तीन, घासकाम. १९७८ च्या आधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि जुन्या फरशीच्या टाइलमध्ये ॲसबेस्टॉस, कोरडं सँडिंग करायचं नाही, फरशी फोडायची नाही, आधी तपासून घे, फरशी शाबूत असेल तर त्यावरच दुसरी घाल.

आणि ओढणार कशाने ते तू लिहिलंस म्हणून बरं झालं. सिएन्ना ३,५०० पौंड ओढते म्हणतात, पण त्यात हिच (ट्रेलर अडकवायचा जोड), माणसं, सामान याचा हिशेब वेगळा, तुझ्या गाडीचं मॅन्युअल काढून बघ. ट्रेलर ट्रकच्या काट्यावर नेऊन खरं वजन कर, वजन अंदाजाने धरायचं नाही, ओलं लाकूड फार जड असतं. हिचवर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पडला पाहिजे, कमी पडला तर हायवेवर शेपूट हलवायला लागतो आणि तेव्हा ब्रेक मारावासा वाटतो, नेमकं तेच करायचं नसतं. म्हणून पाण्याचे कॅन आणि कूलर मागच्या टोकाला भरायचे नाहीत.

तर ४ जुलैला ट्रेलर जाणार नाही. तंबू घे. पुढच्या वर्षीच्या ४ जुलैलाही जाईलच असं मी लिहून देत नाही. माझा पंधराशेचा ट्रेलर मला सगळं धरून साडेआठ हजारांना पडला आणि तीन उन्हाळे गेले, त्यातला एक उन्हाळा मी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतो, घरात शिरताना मान वळवून जायचो. बाइकला मात्र टायर, बॅटरी, ब्रेक, बारीकसारीक धरून सातआठशेपर्यंत पकड, चारपाच विकेंड, आणि जूनमध्ये तू तिच्यावर बसून पेट्रोल भरायला जाशील. म्हणून आधी बाइक, तुझ्या हाताला एकदा यश लागलं पाहिजे. ट्रेलरचं यावर्षी एवढंच, छताखाली घे. निळी ताडपत्री थेट गुंडाळू नकोस, ती आतून घाम धरते आणि वाऱ्याने फडफडून पत्रा घासते, वर हवा खेळेल असा कारपोर्टसारखा मांडव घाल आणि खिडक्या किलकिल्या ठेव. आतला नकाशा कर. मग हिवाळ्यात घरात बसून खिडक्या एकेक करून दुरुस्त करता येतात, त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मावतात. टेबल कोणाचं आहे ते विचारून घे.

बायकोचं म्हणणं मला अजिबात चुकीचं वाटत नाही, तिने एक ठेव म्हटलंय, दोन्ही फेक म्हटलेलं नाही. तिला मीटर दे. खरंच सांगतो. माझ्या घरी टोचायचं काम माझ्या बायकोनेच केलं होतं, मी आकडे लिहीत होतो, आणि मागच्या कोपऱ्यात काटा पस्तिसावर गेला तेव्हा ती बोलली नाही काही, नुसती माझ्याकडे बघून हातातला चहा संपवला. पस्तीस आला आणि चासीही थप्प वाजली तर ट्रेलर वीक, जसा आहे तसा, डाग दाखवून आणि आकडे दाखवून, ते पंख आणि खिडक्या यांच्यासाठीच घेणारे लोक आहेत. एकाच कोपऱ्यात पंचवीस आणि बाकी सगळीकडे बारा असेल तर ठेव, ते एका माणसाच्या एका उन्हाळ्याचं काम आहे.

शनिवारी सकाळी दोघं जा, पाऊस पडून गेल्यावर गेलात तर उत्तम. आकडे मला कळव, आणि प्लगच्या भोकात तेल ओतलं असशील तर किक मारायच्या आधी भोकांवर एक जुनं फडकं टाक, नाहीतर ते तेल सरळ तुझ्या तोंडावर येईल.